टॉप गिअर नक्की कधी संपला?

चौथा गिअर
गेले तीन-चार महिने रात्री जेवणं आटपली की एकदोन एपिसोड, असं करत बीबीसीचा गाड्यांवरचा कार्यक्रम टॉप गिअर पुन्हा बघतोय. २००२ पासूनचा, १९७७ चा नव्हे. काल तेहतिसाव्या सीझनला पोचलो, म्हणजे शेवटच्याच, आणि अर्धा एपिसोड बघून बंद केला. कंटाळा आला म्हणून नाही, त्यातला एक सूत्रधार, जुना क्रिकेटपटू फ्लिंटॉफ कुठल्यातरी गाडीत बसून खिदळत होता आणि मला हसायलाच येईना. पुढे काय होणारे ते माहीत असल्यावर कसं हसणार.

तर प्रश्न असा आहे की तुमच्या मते हा कार्यक्रम नक्की कधी संपला? कागदोपत्री उत्तर सोपं आहे, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये बीबीसीने सांगितलं की आता अनिश्चित काळासाठी थांबवतोय. पण ते म्हणजे दुकान आधीच बंद होतं, पाटी नंतर उतरवली.

माझं उत्तर आधीच देऊन टाकतो म्हणजे मारामारी लवकर सुरू होईल. माझ्या मते २०१० च्या आसपास, क्लार्कसन-हॅमंड-मे हे तिघेही सूत्रधार असतानाच संपला. त्याच्या आधीच्या एपिसोडमध्ये गाडी बंद पडायची तेव्हा ती खरंच बंद पडायची आणि तिघांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे, नंतर नंतर गाडी बंद पडण्याआधीच कॅमेरा तिथे येऊन उभा असायचा. रिलायंट रॉबिन आठवा, ती तीनचाकी जी दर वळणावर आडवी पडते. पोट दुखेपर्यंत हसलो होतो त्यावर. पुढे क्लार्कसननेच लिहिलं की ती पडावी म्हणून गाडीच्या डिफरन्शिअलमध्ये खटपट करून ठेवलेली, साधी रॉबिन अशी पडत नाही. तेव्हापासून तो भाग बघताना जादूगाराची बाही दिसल्यासारखं होतं.

वाफाळता चहा
पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

तेलपाणी
कै च्या कै. जादूगाराची बाही काय. विनोदी कार्यक्रम होता तो, बातम्या नव्हत्या. ध्रुवावर गाडी नेली ती पण खोटी का मग?

चौथा गिअर
तेलपाणी, ध्रुवाला मी हातच लावला नाहीये. २००७ चा पोलर स्पेशल मला सगळ्यात आवडतो. उत्तर चुंबकीय ध्रुवाची १९९६ सालची जागा होती ती, आणि तिथपर्यंत गाडीने जाणारे हे पहिले. क्लार्कसन आणि मे टोयोटा हायलक्स पिकअपमध्ये, हॅमंड कुत्र्यांच्या गाडीवर. बर्फात अडकल्यावर ते दोघं खरोखर वैतागलेले दिसतात आणि तो वैताग लिहून देता येत नाही.

स्टेपनी
मंडळी, तुमचा सगळ्यांचा जन्मच २००२ मध्ये झाल्यासारखं बोलताय म्हणून म्हाताऱ्याने तोंड घालणं भाग आहे. टॉप गिअर संपला २००१ मध्ये. तारखेनिशी.

मी नव्वदच्या दशकात नोकरीसाठी बर्मिंगहॅमला होतो आणि हा कार्यक्रम मूळचा तिथला, बीबीसीच्या पेबल मिल स्टुडिओतला. १९७७ मध्ये सुरू झाला तेव्हा फक्त मिडलंड्स भागापुरता होता, अँजेला रिपन आणि टॉम कॉइन सादर करायचे, पुढच्या वर्षी देशभर दिसायला लागला. मी बघायला लागलो तेव्हा क्लार्कसन डोक्यावर कुरळ्या केसांचं टोपलं घेऊन आलेला होता (१९८८ ला आला तो), क्वेंटिन विल्सन जुन्या गाड्या कशा पारखायच्या ते सांगायचा आणि टिफ नीडेल, जो खरा रेसिंग ड्रायव्हर होता, प्रत्येक गाडी आडवी सरकवत बोलायचा, एका हाताने स्टिअरिंग आणि आवाजात जराही फरक नाही. त्यात माहिती असायची हो. ही गाडी घ्यावी का, डिकी केवढी, गंजते कुठे, तीन वर्षांनी विकली तर किती येतील. आम्ही तो बघून सेकंडहँड गाडी घेतलेली माणसं आहोत.

आणि तरीही क्लार्कसन तेव्हाच वात्रट होता. व्हॉक्सहॉल व्हेक्ट्रा नावाच्या नव्या गाडीचा रिव्ह्यू करायचा होता त्याला, तर या गाडीबद्दल बोलण्यासारखं काही नाहीच असा चेहरा करून त्याने वेळ काढली होती. कंपनी भडकली. पण बघा, त्यात सुद्धा विषय गाडी होता. नंतर विषय क्लार्कसन झाला.

२००१ मध्ये बीबीसीने बंद केल्यावर टिफ, क्वेंटिन आणि व्हिकी बटलर-हेंडरसन उठून चॅनेल फाइव्हवर गेले आणि फिफ्थ गिअर काढला. नावातच टोमणा. खरा वारस तो.

काळी मांजर
स्टेपनीकाका, फिफ्थ गिअर मी पाहिलाय, चांगला होता, पण खरं सांगू का, मला त्यातला एकही भाग आज आठवत नाही. आणि टॉप गिअरमधला बोट्सवाना मला शॉट बाय शॉट पाठ आहे. मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, डिफरन्शिअल (वळताना दोन बाजूंची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) काय असतं ते वरच्या पोस्टनंतर शोधून वाचलं. तरी नवऱ्यासोबत बसून बारा-पंधरा सीझन पाहिले. गाड्यांसाठी नाही पाहिले. तीन मध्यमवयीन बाप्ये एकमेकांना सोडून पुढे निघून जातात आणि तरी संध्याकाळी एकत्र जेवायला बसतात, ते बघायला पाहिले.

हॅमंडने बोट्सवानामध्ये १९६३ ची ओपेल कॅडेट घेतली होती, तिला ऑलिव्हर नाव ठेवलं. माकगाडिकगाडीच्या मिठागरातून जाताना बाकीच्या दोघांनी वजन कमी करायला आपापल्या गाड्यांचे दरवाजे, काचा, काय काय उपटून फेकून दिलं आणि हा म्हणाला मी ऑलिव्हरला हात लावणार नाही. मग नदी ओलांडताना ऑलिव्हर बुडाला. तेव्हा हॅमंडचा चेहरा... आमच्याकडे दोघंही गप्प होतो. एका पत्र्याच्या डब्यासाठी.

हेडलाइट
मांजरताई +१००. आणि मग तो रात्रभर दुरुस्त करत बसतो त्याला. शेवटी इंग्लंडला घेऊन गेला सोबत.

मला व्हिएतनाम पण तितकाच आवडतो, २००८ चा. क्लार्कसनला मोटरसायकलींचा मनापासून तिटकारा आणि त्याच्याच नशिबी व्हेस्पा. हॅमंडला मिन्स्क, मे ला होंडा कब. हो ची मिन्ह सिटीपासून पार उत्तरेला हालाँगच्या खाडीपर्यंत. आणि ज्याची बाईक बंद पडेल त्याने बसायची ती बदली बाईक, जिला अमेरिकेच्या झेंड्याचा रंग दिलेला, व्हिएतनाममध्ये! ती बाईक कॅमेऱ्यात आली की हसू फुटायचं, कोणी बसलेलं नसताना.

न्यूट्रल
धागाकर्त्याशी अंशतः सहमत, पण तारीख चुकली. माझी तारीख २००९, तेराव्या सीझनचा शेवटचा एपिसोड. क्लार्कसन अॅस्टन मार्टिन व्ही१२ व्हँटेज चालवतो आणि जवळजवळ काही बोलतच नाही. मागे संथ संगीत, ढग, ओला रस्ता, आणि तो एवढंच सुचवतो की अशा गाड्या आता फार दिवस निघणार नाहीत, पर्यावरण, वेगमर्यादा, सगळं त्यांच्या विरोधात चाललंय. चार-पाच मिनिटांचा तुकडा असेल. टीव्हीवर गाडीबद्दल इतकं हळवं मी त्याआधी आणि त्यानंतर काही पाहिलं नाही. तिथे थांबायला हवं होतं. त्यानंतर सहा वर्षं ते स्वतःचीच नक्कल करत होते.

रच्याकने, या कार्यक्रमाच्या छायाचित्रणावर कोणी बोलतच नाही. आकाशाचा तो गडद रंग, चाकाशी बांधलेला कॅमेरा, गाडी थांबल्यावर तापलेल्या धातूचा टिकटिक आवाज. आज यूट्यूबवर जो तो पोरगा गाडीचा रिव्ह्यू करतो त्याच्या फ्रेममध्ये टॉप गिअरच दिसतो. हे काम अँडी विल्मन आणि त्याच्या टीमचं, २००२ मध्ये क्लार्कसन आणि विल्मन या दोघांनीच तर बीबीसीकडे जाऊन नव्या रूपाची कल्पना मांडली होती.

तेलपाणी
न्यूट्रल, थांबायला हवं होतं असं प्रत्येक गोष्टीबद्दल म्हणता येतं. तिथे थांबले असते तर २०११ चा इंडिया स्पेशल कसा मिळाला असता?

काळी मांजर
नसता मिळाला तर बिघडलं नसतं हो तेलपाणी!

तेलपाणी
का? मुंबईत डबेवाल्यांशी लावलेली शर्यत भारी होती. गाडीत बसलेले हे तिघं ट्रॅफिकमध्ये घामाघूम आणि तिकडे डबे लोकलने वेळेवर. स्वतःचीच फजिती करून घेतली की.

काळी मांजर
तेवढा भाग चांगलाच होता. पण जॅग्वारच्या मागे संडास बसवून फिरवणं? या देशात गेल्यावर पोट बिघडतंच म्हणून? आणि आगगाडीच्या डब्यांवर बॅनर लावायचे, डबे सुटे झाले की बॅनर फाटून उरलेल्या इंग्रजी अक्षरांतून घाण शब्द तयार होणार, याला विनोद म्हणायचं? भारतीय उच्चायुक्तालयाने तक्रार केली तेव्हा सगळे म्हणाले की यांना विनोदबुद्धी नाही. मला आहे. मला ऑलिव्हरवर हसता येतं आणि रडताही येतं. पण पाहुणा घरी येऊन संडासावरच विनोद करत बसला तर एकदा हसू येईल, दुसऱ्यांदा मी चहा नाही विचारणार.

आणि ते एकदाच झालं असतं तर सोडून दिलं असतं. त्याच वर्षी आधी मेक्सिकोवरून बोलले, बीबीसीला त्यांच्या राजदूताची माफी मागावी लागली. २०१४ ला ब्रह्मदेशच्या भागात पुलावरून वंशावर कोटी केली, ऑफकॉमने, म्हणजे तिथल्या प्रसारण नियामकाने, नियमभंग झाला म्हणून सांगितलं. दरवेळी तेच, उचलली जीभ लावली टाळ्याला आणि वर म्हणायचं की गंमत केली.

खिडकीपाशी
तेच लिहायला आले होते. धन्यवाद मांजर. आणखी एक म्हणजे बायका. २००२ नंतर क्लार्कसन असेपर्यंत मुख्य सादरकर्त्यांत एकही बाई नाही. जुन्या टॉप गिअरची पहिली निवेदिका अँजेला रिपन होती, नंतर व्हिकी होती, म्हणजे १९७७ मध्ये जे जमत होतं ते २००७ मध्ये जमेना.

आणि मग ती जर्मन रेसिंग ड्रायव्हर सबिन श्मिट्झ आठवा. २००४ मध्ये क्लार्कसन जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग रेस ट्रॅकवर डिझेल जॅग्वार घेऊन दहा मिनिटांच्या आत फेरी मारायला गेला, मर मर करून ९ मिनिटं ५९ सेकंदात आला आणि विजेत्यासारखा खाली उतरला. मग तीच गाडी सबिनने घेतली आणि ९:१२. वर म्हणाली की अशा वेळात तर मी व्हॅन पण आणेन. आणि पुढच्या वर्षी खरंच फोर्ड ट्रान्झिट व्हॅन घेऊन आली, मालवाहू व्हॅन हो, आणि १० मिनिटं ८ सेकंदात फेरी मारली! वळणावर ती व्हॅन झुकते आणि ही बया हसत हसत समोरच्या स्पोर्ट्स कारवाल्यांना शिव्या घालतेय. माझ्यासाठी अख्ख्या टॉप गिअरमधली सर्वोत्तम दहा मिनिटं. २०१६ मध्ये तिला टीममध्ये घेतलं, तेव्हा फार उशीर झाला होता आणि वेळही कमी दिला. २०२१ मध्ये कॅन्सरने गेली.

हेडलाइट
सबिनसाठी उभं राहून टाळ्या. तो व्हॅनचा भाग आत्ता परत लावला.

बिनचाकी
गाड्यांच्या कार्यक्रमाच्या धाग्यावर गाड्यांबद्दल कोणी बोलेल का? डन्सफोल्डच्या ट्रॅकबद्दल तर अजून एक शब्द नाही.

सरेमधला जुना विमानतळ, त्यावर लोटसच्या लोकांकडून आखून घेतलेला ट्रॅक. हॅमरहेड, फॉलो थ्रू, शेवटचं वळण गॅम्बन. त्याचं नाव गॅम्बन का, तर अभिनेते मायकेल गॅम्बन यांनी तिथे सुझुकी लिआना जवळजवळ उलथवली होती म्हणून. लिआनासारख्या मिळमिळीत गाडीत बडेबडे नट बसवायचे आणि सगळ्यांना एकच गाडी, एकच ट्रॅक, ही कल्पना इतकी साधी आहे की बस. टॉम क्रूझ आला तेव्हा लिआना नव्हती, किया होती, आणि तो शेवटाकडे दोन चाकांवर गेला.

आणि कोएनिगसेगचा किस्सा. २००६ ला सीसीएक्स आणली, स्टिगने, म्हणजे कार्यक्रमाच्या चेहरा झाकलेल्या टेस्ट ड्रायव्हरने, टायरच्या भिंतीत घातली. कारण काय तर मागे पंख नव्हता, वेगात मागचं टोक हलकं पडत होतं. स्टिगचं मत आलं की पंख लावा. स्वीडनच्या कंपनीने गाडी नेली, खरोखर पंख लावून परत आणली आणि १:१७.६ ला फेरीच्या वेळांच्या बोर्डावर पहिला नंबर. म्हणजे एका टीव्ही कार्यक्रमातल्या अपघातामुळे लाखो पौंडांच्या गाडीचा आकार बदलला! तो कागदाच्या पट्ट्या चिकटवलेला बोर्ड मी अभ्यासाच्या वहीपेक्षा जास्त वाचला असेन, त्यात पावसात मारलेल्या फेरीपुढे किती ओलं होतं ते पण लिहिलेलं असायचं.

स्टेपनी
बिनचाकी, हे मात्र मान्य. बोर्ड मलाही आवडायचा. आणि ती हायलक्स.

बिनचाकी
अहो काका, हायलक्स म्हणजे आमचं दैवत! १९८८ ची डिझेल, झाडावर धडकवली, बर्नहॅम-ऑन-सीच्या किनाऱ्यावर बांधून ठेवली तर भरतीने दोर तोडून आत ओढून नेली, वर कॅरव्हान (चाकांवरचं घर) आदळली, आग लावली, आणि प्रत्येक वेळी मेकॅनिकने एकही नवा पार्ट न घालता नुसत्या हत्यारांनी परत चालू केली. मग टॉवर पाडायचा होता त्या टॉवरच्या डोक्यावर ठेवून टॉवर उडवला. ढिगाऱ्यातून काढली, सांगाडा वाकलेला, थोडं डिझेल आणि चालू. इतकी चांगली जाहिरात पैसे देऊन होत नाही.

न्यूट्रल
आणि उलटी बाजू टेस्ला. २००८ च्या रोडस्टरच्या भागात ती चार्ज संपून ढकलत नेताना दाखवली, टेस्लाचं म्हणणं बॅटरी तेवढी उतरलीच नव्हती. २०११ ला कोर्टात गेले, हरले, अपील केलं, २०१३ ला तेही हरले. ट्रॅकवर दामटताना मिळालेली रेंज रस्त्यावर तशीच मिळेल असं कुठलाही शहाणा प्रेक्षक समजणार नाही, असा कोर्टाचा सूर होता. म्हणजे चौथा गिअरचा मुद्दा कोर्टात गेला आणि प्रेक्षक शहाणा आहे असं ठरलं :)

चौथा गिअर
हा हा. कोर्टाला मी भेटलो नव्हतो अजून.

पण बिनचाकीचीच गोष्ट घ्या. हायलक्स चालू होईल का हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. सीसीएक्स परत येईल हे माहीत नव्हतं. मे बुगाटी व्हेरॉन घेऊन जर्मनीतल्या एरा-लेसिअनच्या ट्रॅकवर ताशी ४०७ किलोमीटरने गेला (आणि या वेगाने टायर पंधरा मिनिटं टिकतात पण काळजी नको, पेट्रोल बारा मिनिटांतच संपतं, हे त्याच्या त्या मास्तरी आवाजात) तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं कसं वाटेल. मला पाहिजे असायचं ते हे.

तेलपाणी
बरं मग २०१५ चं काय? मी अजून त्यातच अडकलोय. माझ्यासाठी टॉप गिअर संपला मार्च २०१५ ला आणि याच्यावर मला दुसरं काही ऐकायचं नाहीये. लाखो लोकांनी सह्या केल्या होत्या, पांढऱ्या कपड्यातला स्टिग रणगाड्यावर बसून अर्ज घेऊन बीबीसीच्या दारात गेला होता, तरी क्लार्कसनला काढलं. गरम जेवण नाही मिळालं म्हणून!

खिडकीपाशी
गरम जेवण नाही मिळालं म्हणून नाही काढलं हो. गरम जेवण नाही मिळालं म्हणून त्याने निर्मात्याला मारलं, म्हणून काढलं. दिवसभर शूटिंग करून यॉर्कशायरच्या हॉटेलात उशिरा पोचले, स्वयंपाकघर बंद, थंड मांसाचं ताट आलं आणि साहेबांचा हात उठला. ओठ फुटला माणसाचा, दवाखान्यात जावं लागलं त्याला. आणि वर त्यालाच नेटवर शिव्याशाप, तुझ्यामुळे कार्यक्रम बंद झाला म्हणून. पुढच्या वर्षी क्लार्कसनने माफी मागून लाखावर पौंडांना प्रकरण मिटवलं. तुमच्या ऑफिसात असं झालं असतं तर तुम्ही सह्या केल्या असत्या का तेलपाणी?

तेलपाणी
...

तेलपाणी
मी सही केली होती. आत्ता विचाराल तर नसती केली. पण तेव्हा केली होती हे खरं आहे, खोटं कशाला बोलू.

काळी मांजर
तेलपाणी, हे लिहिलंत म्हणून एक मोदक माझ्याकडून.

हेडलाइट
पुढचं कोणी लिहिणार नाही म्हणून लिहितो. ख्रिस एव्हान्स, क्लार्कसननंतरचा सूत्रधार. २०१६ चा मे महिना, पहिल्या रात्री ४४ लाख लोकांनी पाहिला, जुलैच्या सुरुवातीला सीझन संपताना १९ लाख. दुसऱ्या दिवशी राजीनामा. तो ओरडायचा का एवढा, कोणाला कळलं का? समोरचा माणूस हातभर अंतरावर आणि हा नाटकाच्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलणार. संपलं, पुढे.

मॅट लेब्लांक मात्र मला आवडला. गाड्यांचा खरा शौकीन, कमी बोलणारा. आणि क्रिस हॅरिस तर त्या सगळ्यांत गाडी चालवणारा नंबर एक.

न्यूट्रल
हॅरिस +१. टिफ नीडेलनंतर हाच. स्टेपनीकाका, तुम्ही हॅरिस पाहिलात का?

स्टेपनी
पाहिला. चांगला आहे. टिफ नव्हे.

चौथा गिअर
आता मूळ मुद्द्यावर येतो ज्यासाठी धागा काढला. २०१९ ला पॅडी मॅकगिनेस आणि फ्लिंटॉफ आले तेव्हा मी नाक मुरडलं होतं. एक विनोदी सूत्रसंचालक, एक निवृत्त क्रिकेटपटू, यांना गाड्यांतलं काय कळतं. पण परत बघताना लक्षात आलं की हॅरिस धरून हे तिघं एकमेकांत छान मिसळले होते, जुन्यांची नक्कल नव्हती. क्लार्कसनवाल्यांत बोचकारणं जास्त होतं, यांच्यात जिव्हाळा होता. लोकांनाही आवडलं, २०२० ला बीबीसी वनवर नेलं.

फक्त फ्लिंटॉफची भूमिका ठरून गेली, की हा कशालाच घाबरत नाही. स्वित्झर्लंडच्या धरणावरून रोव्हर मेट्रोत बसवून त्याला गाडीसकट बंजी जंप करायला लावली. जुन्या तिघांत मे हळू चालवतो हा विनोद होता, इथे फ्रेडी काहीही करतो हा विनोद. एकदा असं ठरलं की दर सीझनला काहीही थोडं मोठं लागतं.

आणि मग १३ डिसेंबर २०२२. धरण नाही, डोंगर नाही, डन्सफोल्डच, घरचं अंगण. मॉर्गनची तीनचाकी, उघडी, उलटली. पुढची गोष्ट सगळ्यांना माहितीये, चेहऱ्यावरच्या जखमा, कित्येक महिने घराबाहेर न पडलेला माणूस, ९० लाख पौंडांची भरपाई. हॅरिसने नंतर एका पॉडकास्टवर सांगितलं की त्याने आधीच बीबीसीत जाऊन सुरक्षेबद्दल इशारा दिला होता.

मी वर तक्रार केली की रॉबिन खोटी पडत होती. तीनचाकी खरी पडली तेव्हा काय झालं बघा. हे मला काल रात्री सुचलं आणि टीव्ही बंद केला.

काळी मांजर
अरे बापरे. हे असं जोडून पाहिलं नव्हतं.

बिनचाकी
जोडू नका पण. रॉबिनमध्ये डिफरन्शिअलशी खेळले असतील तरी वेग किती होता? सायकलचा. आत पट्टे. खोटं होतं म्हणूनच सुरक्षित होतं. उघड्या तीनचाकीत हेल्मेटशिवाय बसवणं याला खरंखोटं काही नाही, तो निष्काळजीपणा आहे. साधी गोष्ट आहे, माणूस गाडीखाली येऊ शकतो अशी गाडी असेल तर डोकं झाकलेलं पाहिजे.

आणि हे पहिल्यांदा नव्हतं. २००६ मध्ये एल्व्हिंग्टनला हॅमंड जेट इंजिनच्या ड्रॅगस्टरमध्ये ताशी २८८ मैलांनी जात असताना पुढचा टायर फुटला. डोक्याला मार, कोमात होता काही काळ. तो मेला नाही याचं एक कारण हेल्मेट आणि पिंजरा. परत आला तेव्हा स्टुडिओत नाचणाऱ्या मुली, जिन्यावरून एंट्री, आणि मेने खिशातून रुमाल काढून विचारलं की लाळ तर गळत नाही ना. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत बीबीसीला ऐकू आलं की चालतंय.

खिडकीपाशी
बिनचाकी, शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

तेलपाणी
मग काय करायचं, बघायचं नाही का काही? उद्या सर्कस पण बंद करा.

बिनचाकी
बघा की. मी पण बघतोच. हायलक्सला काही झालं तर कोणाच्या घरी फोन जात नव्हता एवढंच म्हणतोय.

न्यूट्रल
धागाकर्त्याला प्रतिप्रश्न. मग तुमची २०१० ची तारीख बदलली का?

चौथा गिअर
माहीत नाही राव. टंकाळा पण आलाय. तेहतिसावा सीझन बघून संपवायचा की नाही ते आधी ठरवतो. तेवढ्यात ग्रँड टूरचा, म्हणजे क्लार्कसन-हॅमंड-मे यांच्या नंतरच्या कार्यक्रमाचा, शेवटचा भाग पाहिला, २०२४ चा. झिम्बाब्वेहून निघून पुन्हा बोट्सवानात त्याच मिठागरापाशी येऊन थांबतात तिघं. ते फार हळू बोलतात आता. मे नेहमीच हळू होता, बाकीचे दोघे त्याच्या वेगावर आले.

वाफाळता चहा
पॉपकॉर्न संपले, डोळे पुसतेय. एक विचारू का, ऑलिव्हर कुठे असतो आता?

हेडलाइट
हॅमंडने जपून ठेवलीये की.

काळी मांजर
ठेवलाय. ऑलिव्हर आहे तो.

हेडलाइट
अहो पण गाडी ना ती.

काळी मांजर
हेडलाइट, नदीत कोण बुडाला होता?

स्टेपनी
बुडाला होता. मांजरताई बरोबर आहेत. ओपेल कॅडेट बुडते, ऑलिव्हर बुडतो.